गुण्या : गुणाचा की कोनाचा?

घरात कपाटांचं काम चालू आहे. मिस्त्री सारखे म्हणतात, "ताई, चौकट गुण्यात नाही." मला गुण्या माहीत होता तो कंपासपेटीतला, प्लास्टिकचा, तिकोनी. त्यांच्याकडचा वेगळाच : लाकडी मूठ आणि तिच्यात काटकोनात बसवलेलं पोलादी पातं. दोघांना एकच नाव कसं? शब्द 'गुण'वरून आलाय का? 'गुण्यागोविंदाने'मधला गुण्या हाच का?

—

गुणाशी संबंध नाही. फारसीत 'गूनिया' म्हणजे हेच औजार. फारसीत तो ग्रीक 'गोनिया'वरून आला. अर्थ कोपरा, कोन. हिंदीत गुनिया, तुर्कीत गोन्ये. पॉलिगॉन, ट्रिगॉनॉमेट्री यांतही तोच बसलाय. गंमत पुढे आहे. गोनिया हा 'गोनु' म्हणजे गुडघा या शब्दाच्या कुळातला मानतात, आणि गोनुचा संस्कृत भाऊ 'जानु'. म्हणजे आजानुबाहू आणि गुण्या लांबचे नातलग! गुडघा दुमडला की कोन होतोच म्हणा.

नावाचं कोडंही सुटतं. कोन दाखवतो तो गुण्या, मग आकार कसलाही असो. कंपासपेटीत एक ३०-६०-९० चा, दुसरा ४५-४५-९० चा. सुताराच्या गुण्याला ९० पुरतात. 'गुण्यागोविंदाने'मध्ये मात्र औजार शोधू नका. (नांदणारी माणसं काटकोनात कुठे असतात!)

—

आमच्या घरी सुतारकीच होती, म्हणून वापरातलं सांगतो. 'गुण्या लावून बघ' म्हणजे तपास, 'गुण्यात घे' म्हणजे काटकोनात आण. मोठ्या चौकटीला हातभर गुण्या पुरत नाही. तिथे दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, सारखे भरले की झालं. पण समोरासमोरच्या बाजू आधी सारख्या हव्यात. गवंडी पाया आखताना दोरीने ३, ४ आणि ५ फूट बाजूंचा त्रिकोण धरतात, तेही काटकोनाचंच काम.

गुण्या पडला की आधी त्यालाच तपासायचं. फळीच्या सरळ कडेला मूठ टेकवून रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी मारा. रेघा एकमेकींवर बसल्या तर ठीक. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

—

आणि ज्याचं पातं फिरवून हव्या त्या कोनात आवळता येतं, त्याला काय म्हणायचं? 'कोनधारक' कसा वाटतो?

—

सरकारी पत्रासारखा. आम्ही बेवेलच म्हणायचो. मराठीच हवा असेल तर 'फिरता गुण्या' म्हणा, ऐकणाऱ्याला लगेच कळेल.

—

दादा, तुमची उलटी रेघ आज मिस्त्रींकडून मारून घेतली. रेघा तंतोतंत बसल्या. चौकटीचे कर्णही सारखे निघाले. भिंतच गुण्यात नाही.