चांद्रयानाचे ६१५ कोटी आणि कोरडा नळ : वर्गात काय उत्तर देऊ?

सत्तरीची टीचर
गोव्यात वाळपईजवळ आठवीला विज्ञान शिकवते. अंतराळ दिनाला, २३ ऑगस्टला, चांद्रयान ३ उतरतानाचा व्हिडिओ वर्गात लावला. टाळ्या झाल्या. मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "टीचर, किती पैसे लागले?" मी सांगितलं, ६१५ कोटी. ती म्हणाली, "मार्च-एप्रिलात आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी. आई कळशी घेऊन विहिरीवर जाते. ते पैसे इकडे का नाही देत?"

"संशोधनाने देश पुढे जातो" असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. तेव्हापासून चैन नाही. तिला खरं उत्तर द्यायचं आहे. काय सांगू, काय दाखवू, मुलांना कुठे नेऊ? कृपया सुचवा.

खारीवाडा वास्को
टीचर, मुलांना आमच्या जेटीवर आणा. बाबांचा ट्रॉलर आहे. पाण्याचा रंग आणि पक्ष्यांचे थवे बघून ते जाळं टाकायचे. अजूनही बघतात, पण निघण्याआधी फोनवर हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा संदेश वाचतात : किनाऱ्यापासून कुठल्या दिशेला, किती किलोमीटरवर, किती खोलीवर मासळी असण्याची शक्यता आहे. इस्रोचा ओशनसॅट उपग्रह वरून समुद्राचा रंग टिपतो. हरितद्रव्य जास्त तिथे प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि प्लवंगांमागे तारले, बांगडे. आकाश ढगाळ असलं की हा संदेश नीट मिळत नाही, मग पुन्हा जुनी नजर. फेरी रिकामी गेली तर डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी, सगळं अंगावर येतं.

आणि २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ. आधीच इशारा आला म्हणून बोटी परतल्या. आम्ही त्या एकमेकींना दुहेरी दोरांनी बांधल्या. रात्रभर पत्रे उडत होते, पण बाबा घरात होते. माझ्यासाठी हिशेब तिथेच संपतो.

डिचोलीकर
आकडा हवा असेल तर : २०२४-२५ मध्ये अंतराळ विभागाला सुमारे १३,००० कोटी, केंद्राचा एकूण खर्च सुमारे ४८ लाख कोटी. शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. पण ताई, हा आकडा त्या मुलीच्या तोंडावर मारू नका. तिच्या आईच्या कळशीचं वजन त्याने कमी होत नाही. नळ कोरडा पडतो तो जलवाहिनी, पंप आणि नियोजनामुळे. चंद्रावर गेलो नसतो तर ते पैसे वाळपईला आले असते, असंही नाही. दोन्ही गोष्टी तिला सांगा.

ओडिशाचं उदाहरण जरूर द्या. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळाच्या वेळी लाखो लोक आधीच हलवले होते, बळी काही डझन. श्रेय एकट्या उपग्रहाचं नाही, निवारे आणि गावोगावच्या तयारीचंही आहे. पण वादळ दिसलंच नसतं तर हलवलं कुणी असतं?

फोंड्याचा वाचक
एक गल्लत टाळा. बांगडे आणि वादळं दाखवून सगळ्याच मोहिमांचं समर्थन होत नाही. माणसाला अंतराळात नेणाऱ्या गगनयान मोहिमेला २०१८ मध्ये सुमारे १०,००० कोटी मंजूर झाले. २०२४ मध्ये, अंतराळ स्थानकाचा पहिला भाग धरून, तो आकडा २०,१९३ कोटींवर गेला. माणूस वर पाठवल्याने मासळी सापडत नाही. त्यातून तंत्रज्ञान मिळेल, मुलांना उमेद मिळेल, हे मला मान्य आहे. तरी पृथ्वीकडे बघणारे उपग्रह आधी, असं माझं मत. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तिथे अगदी रास्त आहे, आणि हे तिला टीचरच्या तोंडून ऐकू द्या.

दाखवायला : इस्रोचं भुवन हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ उघडा आणि अंजुणे धरण शोधा. पावसाळ्यानंतरचं आणि मे महिन्यातलं चित्र मिळालं तर शेजारी ठेवा. पाणी किती आकसतं ते मुलं स्वतः मोजतील. सहलीसाठी दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेला आधी पत्र लिहून विचारा.

सत्तरीची टीचर
अंजुण्याचं सुचलंच नव्हतं! तिच्या घरापासून ते धरण फार लांब नाही. शनिवारी भुवन तीच उघडेल, मी शेजारी बसेन. गगनयानाबद्दलही सांगेन.

खारीवाडादादा, बोटी किती वाजता लागतात? चौतीस मुलं आहेत, बस पहाटे पाचला काढू शकते. आणि बाबा मुलांशी बोलतील ना?