शॅनन नदीकाठची शेतं हिवाळाभर पाण्यात का? नदी खोल का करत नाहीत?

केतकी_प: मंडळी, आम्ही आयर्लंडमधल्या अथलोनला राहायला आलोय, ट्रेननं जाता-येता बघते तर नोव्हेंबरपासून शॅननच्या काठची कुरणं नुसती तळी झालीयेत. गाळ काढून नदी खोल केली तर पाणी निघून जाणार नाही का? आणि त्या पाण्यात पांढरे मोठे पक्षी थव्यानं बसतात ते साधे हंसच का?

भटक्या_जीव: गाळ काढून तितकासा फरक पडणार नाही, कारण मूळ अडचण उताराची आहे. कॅव्हनमधल्या कुलका डोंगराखालच्या शॅनन पॉटमधून नदी निघते, एकूण लांबी ३६० किमीच्या आसपास, पण लॉख ॲलन सोडलं की मधला सगळा पट्टा जवळजवळ सपाट, लॉख री आणि लॉख डर्ग ही मोठी तळी वाटेतच, त्यामुळे पाणी पुढे सरकायलाच तयार नसतं. खरा उतार लॉख डर्ग संपतं तिथल्या किलालू गावाच्या खाली, लिमरिकपर्यंत साधारण ३० मीटर, आणि तोच वापरून १९२९ मध्ये आर्डनाक्रशाचं वीजकेंद्र सुरू झालं.

रानपाखरू: केतकीताई, चोच बघा. पिवळी आणि टोकाला काळी असेल तर हूपर हंस, ते आइसलँडहून हिवाळ्यापुरते येतात. नारिंगी चोच आणि वर काळा गुठळा असेल तर म्यूट हंस, ते वर्षभर इथेच. अथलोन ते पोर्टम्ना या पट्ट्याला कॅलोज म्हणतात, पूर ओसरला की गवत वाढतं, उन्हाळ्यात उशिरा कापतात, टिटव्या, कर्ल्यू, रेडशँक असे पक्षी त्याच ओल्या गवतात घरटी करतात. म्हणून पूर येऊच नये असं मला अजिबात वाटत नाही, हिवाळ्यातला पूर ही या जमिनीची गरज आहे. वाईट आहे तो उन्हाळ्यातला. शेतकऱ्याचं गवत जातं ते जातंच, घरट्यातली अंडीपण बुडतात. कॉर्नक्रेक पक्षी, जो रात्रभर गवतात लपून क्रेक्स-क्रेक्स ओरडायचा, तो कॅलोजमधून असाच संपला, आता डोनेगल आणि मेयोच्या किनाऱ्याकडे जावं लागतं त्याला ऐकायला. फार जीव तुटतो.

गळ_टाकू: पक्ष्यांबद्दल सगळे बोलतात, माशांचंपण बघा ना. किलालूच्या खाली पार्टीनला बंधारा घालून बहुतेक पाणी कालव्यानं आर्डनाक्रशाकडे नेतात, जुन्या पात्रात सेकंदाला १० घनमीटर सोडायचं ठरलेलं आहे, त्या जुन्या पात्रावरच्या कॅसलकॉनेलचे सामन मासे एकेकाळी जगात नावाजलेले आणि त्यांची वाटच अशी निम्मी कोरडी झाली. नंतर माशांसाठी लिफ्ट बसवली, पण आधीचे दिवस काही परत आले नाहीत. ईलचं, म्हणजे सापासारख्या लांब माशांचं, तर अजून अवघड, त्यांना अंडी घालायला पार सारगासो समुद्रात जायचं असतं आणि वाटेत टर्बाइन. २००९ पासून ईलची व्यावसायिक मासेमारी बंद आहे, आता वरच्या भागात पकडून गाडीनं धरणाच्या खाली नेऊन सोडतात.

केतकी_प: बापरे, एवढं सगळं माहीतच नव्हतं! रविवारी दुर्बीण घेऊन जाते. कुठून नीट दिसेल?

रानपाखरू: क्लोनमॅकनॉइसला जा, मठाचे अवशेष उंचवट्यावर आहेत, तिथून खालची कॅलोज लांबवर दिसतात, फक्त काठापर्यंत उतरू नका, थवा उडाला की त्यांची खायची वेळ वाया जाते.

भटक्या_जीव: आणि उन्हाळ्यात नदीच्या मुखाकडे जरूर जा. तिथे बॉटलनोज डॉल्फिनचा कळप वर्षभर असतो, पिल्लंपण तिथेच वाढतात. किलरश आणि कॅरिगाहोल्टहून बोटी सुटतात, किलिमर-टार्बर्ट फेरीबोटीतूनसुद्धा कधीकधी दिसतात.