विमानाचं तिकीट काढताना करन्सी कोणती निवडायची? माझे दोनदा पैसे गेले

उंचभरारी:
परवा तिकीट काढलं. प्रवास दुसऱ्या देशातून सुरू होणार म्हणून साइटवर भाडं युरोत होतं, ४०० युरो. पेमेंटच्या पानावर आले तर आकडा आपोआप माझ्या कार्डाच्या करन्सीत, खाली बारीक अक्षरात रेट गॅरंटीड वगैरे, मला वाटलं बरंय, नेमके किती जाणार ते आत्ताच कळलं, केलं ओके. मग त्या दिवशीचा रेट बघून हिशोब केला तर ५ टक्के जास्त गेलेत, म्हणजे २० युरो! वर आज स्टेटमेंटमध्ये फॉरेन ट्रान्झॅक्शन फी पण. आपल्याच करन्सीत भरलं ना, मग फी कसली?

खिडकीची_सीट:
याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, डीसीसी. कन्व्हर्जन तुमची बँक करत नाही, विक्रेत्याचा पेमेंटवाला करतो, स्वतःच्या रेटने, आणि त्यातला नफा तो आणि विक्रेता वाटून घेतात. म्हणून तर ते आधीच टिक करून ठेवलेलं असतं, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. भाडं ज्या करन्सीत आहे तीच ठेवायची, मग व्हिसा किंवा मास्टरकार्डचा रेट लागतो, दोघांच्याही साइटवर कॅल्क्युलेटर आहे त्यात बँकेची फी टाकून आधीच बघता येतं. तो रेट व्यवहार प्रोसेस होतो त्या दिवसाचा असतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं, पण ५ टक्के सहसा नाही.

हिशोबी:
फीचं सांगतो. बऱ्याच बँका करन्सी बघत नाहीत, विक्रेत्याचं खातं कुठल्या देशात आहे ते बघतात. ते बाहेरचं असलं की तुमच्या करन्सीत भरलं तरी फी लागते, म्हणून तुम्हाला दोन्हीकडून फटका बसला. कार्डाच्या चार्जेसच्या कागदात क्रॉस बॉर्डर किंवा मार्कअप शोधा, साधारण १ ते ३.५ टक्के असतं, काही कार्डांवर शून्य. तिकिटासारखा मोठा खर्च असेल तर तसलंच कार्ड वापरा.

आणि एजंट साइटवर सर्चमध्येच तुमच्या करन्सीत भाडं दिसतं तिथे फार जपून, त्यांचा रेट भाड्यातच मिसळलेला असतो, वेगळा दिसतच नाही. एअरलाइनच्या साइटवर मूळ करन्सीतला आकडा बघा आणि मगच तुलना करा.

उंचभरारी:
आत्ता परत जाऊन बघितलं, करन्सी बदलायची लिंक होती, फिकट राखाडी, पे बटणाच्या खाली. आता तिकीट कॅन्सल करून परत काढू का?

खिडकीची_सीट:
घाई नको! रिफंड ज्या दिवशी होईल त्या दिवशीच्या रेटने येतो आणि बँकेची फी बऱ्याचदा परत मिळत नाही, शिवाय कॅन्सलेशन चार्ज, २० युरो वाचवायला जास्त घालवाल. लिंक होती म्हणजे चॉइस दिला होता असंच ते म्हणतील. पर्यायच दिलेला नसता तर बँकेकडे डिस्प्यूट टाकता आला असता, कार्ड नेटवर्कच्या नियमात ग्राहकाला विचारणं सक्तीचं आहे. पुढच्या वेळी पे दाबायच्या आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा.