उन्हाळ्यात काळं, पाण्याने हिरवं: हे वाळवंटी मॉस आहे का?

खडकपान
पुसद तालुका. जुन्या पायविहिरीच्या काठावर, काळ्या दगडांच्या चुन्याने भरलेल्या सांध्यांत हे शेवाळ आहे. झुपके 5 ते 8 मि.मी. उंच. उन्हाळ्यात काळपट, बोटाने चुरगळतं. पाणी शिंपडलं की दोन-तीन मिनिटांत हिरवंगार. मंगळासारख्या कृत्रिम वातावरणात तगल्यामुळे 2024 मध्ये गाजलेलं वाळवंटी मॉस सिन्ट्रिचिया कॅनिनर्व्हिस ते हेच का?

दगडफूल
नाही भाऊ. ते थंड वाळवंटांतलं: चीनमधलं गुरबानतुंगुत, तिबेट, शिवाय अमेरिकेतलं मोहावी. पाणी पडताच हिरवं होणं ही जातीची खूण नव्हेच, आपल्या भिंतींवरची कितीतरी मॉस तेच करतात. पानाचं टोक बघा. सिन्ट्रिचियात मध्यशीर टोकाबाहेर पांढऱ्या केसासारखी वाढलेली असते, त्यामुळे सुका झुपका पिकल्या केसांसारखा दिसतो. हाच केस दव आणि धुकं टिपतो. जुन्या पानांवरचा केस मोडतो, म्हणून शेंड्याकडची पानं तपासा.

चुन्याच्या सांध्यात पहिला संशय हायोफिला इन्व्होल्यूटावर घ्यावा. सुकताना पानाच्या दोन्ही कडा आत वळून पुंगळी होते. भिजल्यावर पान जिभेसारखं पसरतं आणि टोकाजवळच्या कडेला बारीक दाते दिसतात. झुपका चांदीसारखा चकाकत असेल तर मात्र ब्रायम अर्जेंटियम: पानाच्या वरच्या पेशींत हरितद्रव्य नसतं, म्हणून ती चमक.

भिंगवाली
आधी सुकं, मग ओलं, या क्रमानेच बघा. बहुतेक लोक ओल्याचाच फोटो टाकतात आणि वळणाची खूण हातची जाते.

दहा रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा सुरीने मातीसकट उचला, कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. सुक्या झुपक्याचा 10 पट भिंगाखाली फोटो काढा. मग एक खोड कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवून मधली पाच-सहा पानं चिमट्याने बुडाकडून खाली ओढा. टोक धरून ओढलं तर बूड फाटतं. स्लाइडवर पाण्याचा थेंब, वर काचपट्टी तिरकी टेकवून हळूच सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. धूळ आधी धुवा: सूक्ष्मदर्शकाखाली 400 पटीत तिचे कण पेशींवरचे उंचवटेच वाटतात.

पानांच्या बगलेतल्या गुठळ्या (ज्यांतून नवं रोप उगवतं ते बारीक कण) जरूर शोधा. हायोफिलात त्या चांदणीसारख्या टोकदार, बार्बुला इंडिकात गुळगुळीत गदेसारख्या. हे दोन्ही एकाच भिंतीवर असू शकतात आणि घोटाळा इथेच होतो. बार्बुलाची पानं सुकल्यावर पिळवटतात आणि कडेला दाते नसतात.

खडकपान
केस नाहीत. सुक्या पानाची पुंगळी, टोकाजवळ सात-आठ दाते, गुठळ्या चांदणीसारख्या.

दगडफूल
मग हायोफिला इन्व्होल्यूटाच. बोंडी (बीजाणूंची पिशवी) सापडली तर तिचं तोंड बघा: हायोफिलात तिथे दात नसतात, बार्बुलात असतात. पाकिटावर तारीख, गाव, दगड की चुना, भिंतीची दिशा लिहा आणि ते सावलीत सुकवा.