ब्रिटिश लष्करी ट्रेलर: मूळ क्रमांक कसा शोधावा?

प्रश्न: खडकीतील भंगार बाजारातून दोनचाकी ब्रिटिश लष्करी ट्रेलर घेतला आहे; माहितीची पट्टी नाही आणि रंगाचे अनेक थर आहेत. सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा करून रंग काढणे) करून घ्यावे का?

उत्तर १: कृपया करू नका, कारण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराचे नोंदणी क्रमांक रंगानेच लिहिलेले असत आणि तो पुरावा कायमचा नाहीसा होईल. बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, एकेक थर उतरवा. क्रमांकाआधी 'एक्स' दिसला तर फारच उत्तम. ते ट्रेलरचे अक्षर, तर लॉरीला 'एल' असे.

उत्तर २: जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून मास्क वापरावा. चासीवर ठोकलेले अंकही तपासावेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मागील फळीपासून सुरुवात करतो.