कवचाचा तुकडा सापडला तर आधी घासू नका

कासवाच्या कवचाचं जीवाश्म सापडलं तर ते घरी स्वच्छ करून मगच संग्रहालयाला दाखवावं, असा सल्ला दिला जातो. कृपया तसं करू नका. कासवाची ओळख पृष्ठभागावरच्या दोन प्रकारच्या रेषांवर ठरते: हाडांमधले दातेरी सांधे, आणि वरच्या शिंगी खवल्यांच्या कडांमुळे उमटलेल्या उथळ खाचा. दोन्ही एकमेकींवर बसत नाहीत. तारेच्या ब्रशने आधी खाचाच जातात, मग तुकडा कुठल्या कुळाचा हेही सांगता येत नाही. (मऊ पाठीच्या कासवांत या खाचा नसतातच, तिथे खळग्यांची नक्षी पाहायची.)

उचलण्यापूर्वी मोजपट्टी ठेवून फोटो, जीपीएस नोंद आणि तुकडा खडकाच्या कोणत्या थरातून आला ते लिहा. थर माहीत नसेल तर वय सांगणं अवघड होतं. भेगाळलेल्या हाडाला ॲसिटोनमधलं ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ (हाड मजबूत करणारं, पुन्हा विरघळवता येणारं राळ) द्या, पण हाड पूर्ण वाळल्यावरच. ओलसर असेल तर पांढरा थर धरतो. सुपरग्लू नको, तो नंतर काढताना हाडाचा पापुद्रा निघतो.

स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या पिरेनीज पर्वतात २०१६ साली एका पदभ्रमण करणाऱ्याला दिसलेल्या तुकड्यांपासून सुरुवात झाली आणि २०२२ मध्ये लेव्हियाथानोकेलिस हे प्रचंड सागरी कासव विज्ञानाला मिळालं. नव्या प्रजातीचा मूळ नमुना सार्वजनिक संग्रहात हवा, म्हणून तुकडा संग्रहालयाला देताना तुमच्या नोंदवहीची प्रतही सोबत द्या.