मदत हवी आहे : तंबूत झोपायला मॅट कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी तंबू टाकून राहायचा बेत आहे. नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको, आणि बागलाणात तर उघड्यावर ती जास्तच बोचते. स्लीपिंग बॅग आहे, पण अंगाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते आणि खालून गारठा चढतोच. म्हणून मॅट हवी.

फोमची घडीची मॅट स्वस्त, काटा-खडा लागला तरी बिघडत नाही, सॅकला बाहेरून बांधता येते. पण मी कुशीवर झोपते, खांदा आणि कंबर दगडाला टेकणार हे नक्की. हवेची मॅट मऊ, पिशवीत मावते, पण आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यांपुढे ती टिकेल? शिवाय आत नुसती हवा असली तर खालून गार लागते म्हणतात. तिची आर-व्हॅल्यू, म्हणजे मॅट खालचा गारठा किती अडवते ते सांगणारा आकडा, किती पाहावी? आपल्या थंडीला २ ते ३ पुरेल ना?

दोन्ही एकावर एक टाकून कुणी झोपलंय का? योगा मॅट सुचवू नका, ती घरात आहे आणि तिच्यावर दुपारचीसुद्धा झोप लागत नाही! नाशकात हात लावून, आडवं पडून बघता येईल असं दुकान माहीत असेल तर तेही सांगा.